भाड्याने दिलेलं घर विकलं तर करमाफी का म्हणून?

हिशेबी: १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ५४ काय म्हणतं? दोन वर्षांहून जास्त ठेवलेलं घर विका, नफा मुदतीत दुसऱ्या घरात घाला, भांडवली नफ्यावर कर नाही. त्या घरात तुम्ही एक रात्रही झोपला नसलात तरी चालतं! भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट घेतली, कर्जाचं व्याज वजा केलं, वर विकतानाही माफी. ही सरळसरळ गुंतवणूक आहे, तिला राहत्या घराची सवलत कशाला? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून भाड्याच्या काळाची खास सवलत मालक त्याच घरात भाडेकरूसोबत राहत असेल तरच मिळते. शेअर विकणाऱ्याला देता का अशी माफी?

तिरकस: देतात की. शेअर विकून घर घेतलं तर कलम ५४एफ आहे. अटी कडक आहेत, पण आहे.

बदलीवाली: "गुंतवणूक" म्हणे! नवऱ्याची बदली झाली, फ्लॅट भाड्याने दिला. तिकडचं भाडं येतं आणि इकडच्या घरमालकाच्या खात्यात जातं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते ते वेगळंच. आता तो विकून इथे घर घ्यायचंय. नफ्यावर कर कापला तर उरलेल्यात तेवढंच घर कुठून येणार? भाव इथेही चढलेत.

हिशेबी: तुमच्यासारख्यांना अपवाद ठेवता येईल. अमेरिकेत विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं राहिलेलं दाखवावं लागतं, तसं काहीतरी.

बदलीवाली: म्हणजे जुनी लाइट बिलं घेऊन अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं. नको रे बाबा.

रिटर्नवाला: लोकांचे रिटर्न भरतो म्हणून सांगतो, तुम्ही दोघं भलत्याच टोकाला धरून ओढताय. आपला कायदा घरात कोण राहिलं हे विचारतच नाही, पैसा पुढे कुठे गेला एवढंच बघतो. माझ्याकडे एक आजी येतात. सगळा संसार एकाच घरात झाला. आता ते विकून मुलीकडे जायचंय, दुसरं घर नको. मग ५४ चा उपयोग शून्य. उरतात कलम ५४ईसीचे बाँड, ज्यांत नफा गुंतवला की त्यावर कर लागत नाही: सहा महिन्यांच्या आत घ्या, ५० लाखांची मर्यादा, पाच वर्षं पैसे अडकले. त्या म्हणाल्या, "पाच वर्षांनी मी असेन का रे?" आणि भाड्याचा फ्लॅट विकणाऱ्याचा नफा दोन कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरं घेऊनही माफी.

तिरकस: माफी काढायची तर आधी महागाई वजा करू द्या. २०१०-११ मध्ये ४० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२४-२५ मध्ये १ कोटी २० लाखांना गेला समजा. इंडेक्सेशन (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून) धरून २० टक्क्यांनी कर साधारण ६ लाख ६१ हजार, न धरता साडेबारा टक्क्यांनी १० लाख. दोन्हींतला कमी कर भरण्याचा हा पर्याय २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरांनाच, तोही निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना. त्यानंतर घेतलं असेल तर महागाईलाच नफा म्हणा आणि भरा.

हिशेबी: आजींना सरसकट माफी द्या, माझी हरकत नाही. फक्त ती तूट भाड्याच्या फ्लॅटवाल्यांकडून भरून काढा.

बदलीवाली: म्हणजे फिरून माझ्याकडूनच ना?