मुलीच्या फाईलवर 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलंय. खात्री कशी करून घ्यावी?

चोपड्याची_आई
मुलगी नऊ वर्षांची आहे. तीन वर्षांची असताना ताप आला, घसा धरला म्हणून पेनिसिलिनच्याच जातीच्या ॲमॉक्सिसिलिनचं सायरप चालू होतं. पाचव्या दिवशी पाठीपोटावर बारीक लाल पुरळ आलं. ओठ सुजले नाहीत, दम लागला नाही. डॉक्टरांनी सायरप बंद केलं आणि फाईलवर लाल पेनाने 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलं. सासूबाई अजून म्हणतात, "पोरले औषध बाधनं." आता टॉन्सिलचं ऑपरेशन ठरतंय. भूलतज्ज्ञांनी विचारलं, ॲलर्जी नक्की आहे का? मला सांगता आलं नाही. रक्तातलं आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) वाढलेलं आलंय, म्हणजे पक्कंच समजायचं का? आणि आपल्याकडे दाखवावं कुठे?

भुसावळचा_फार्मासिस्ट
ताई, एकूण आयजीई वाढलं म्हणजे औषधाची ॲलर्जी, असं नसतं. दमा, इसब, पोटातले जंत यांनीही ते वाढतं. मुलीला यातलं काही आहे का?
औषधाची आयजीईची ॲलर्जी बहुतेक वेळा डोस घेतल्यावर तासाभरात दिसते: गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, छातीत घरघर होते, कधी रक्तदाब पडतो. पाचव्या दिवशीचं बारीक पुरळ त्या जातीचं वाटत नाही. लहान मुलांत तापाच्या विषाणूनेच पुरळ येतं आणि नाव सायरपवर जातं. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली, तर दहातल्या नऊ जणांना ती नसते. खरी असली तरी दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते.

यावल_केळीवाला
आमच्या मुलाचं असंच होतं, त्याची तपासणी पुण्यात केली. पुरळ साधं होतं म्हणून डॉक्टरांनी सुई न टोचता थेट ॲमॉक्सिसिलिनच दिलं. आधी थोडं, मग थांबून उरलेला डोस. दर थोड्या वेळाने अंग, नाडी, श्वास बघत होते, जोराची ॲलर्जी उठली तर द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन शेजारी तयार होतं. काही झालं नाही. मी मात्र दिवसभर पाण्याचा घोटही घेतला नाही. निघताना 'ॲलर्जी नाही' असं लेखी घेतलं. ते तुम्हीही घ्या, नाहीतर पुढचा डॉक्टर जुनीच फाईल वाचतो.

रावेरहून
माझ्या वडिलांना दर पावसाळ्यात मान आणि हात लाल व्हायचे. त्याच दिवसांत तापाच्या गोळ्या चालू असायच्या, म्हणून सगळे गोळ्यांना दोष द्यायचे. निघालं गाजरगवत! बांधावरचं ते उपटणं बंद केलं आणि अंग बरं झालं. तेव्हा पुरळ आलं तेव्हा मुलगी कुठे होती, काय खाल्लं होतं, हेही आठवा.

निवृत्त_परिचारिका_धुळे
एक गोष्ट कळकळीने सांगते. घरी डोस देऊन बघू नका, अर्धा चमचासुद्धा नाही. आणि त्या वेळी कातडी सोलली, तोंडात-डोळ्यांत फोड आले, किंवा पुरळासोबत ताप येऊन यकृताला सूज आली असेल, तर ते औषध पुन्हा कधीच द्यायचं नसतं, तपासणीसाठीही नाही. तसं काही झालं होतं का, ते डॉक्टरांना आधी सांगा.
धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात विचारा. तिथे सोय नसेल तर कुठे पाठवता, हेही तिथेच विचारा. इंजेक्शनच्या आधी हातावर टोचतात तेवढ्यावर विसंबू नका. प्रमाणित द्रावण आणि वाचणारा जाणकार नसला तर त्यावरून नक्की काही सांगता येत नाही. खाजेची गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची, ते विचारून घ्या. तिच्यामुळे त्वचेची चाचणी खोटी 'नाही' दाखवते.

चोपड्याची_आई
फार आधार वाटला. हो भाऊ, तिला लहानपणापासून इसब आहे, मला सांगायचं सुचलंच नाही. माळ्यावरच्या पिशवीत जुना कागद सापडला. त्यावर लिहिलंय, 'पाचवा दिवस, ताप उतरला, अंगावर पुरळ, तोंड स्वच्छ'. त्याचा फोटो काढून ठेवला. इसबासाठी सेट्रिझिन ही खाजेची गोळी चालू आहे, त्याचं विचारायचं वहीत लिहून घेतलं. सोमवारी धुळ्याला नेतेय.