पुढचे पॅड गेले म्हणतात, डिस्कही बदलायच्या का?

ए-२०४: मंडळी, एक घाईचा प्रश्न. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. आत्ता फोन आला की पुढचे ब्रेक पॅड संपलेत, डिस्कही बदलाव्या लागतील, हो म्हणा म्हणजे काम सुरू करतो. ५२ हजार किमी झालेत. ब्रेक व्यवस्थित लागतोय, आवाज नाही. काय सांगू?

सी-१०१: आमचे ३० हजारांतच गेले होते.

बी-४०३: आमची ७० हजारांवर आहे, पहिलेच पॅड 😎

डी-३०२: काही बदलू नका. आवाज येईपर्यंत पॅडला हात लावू द्यायचा नाही, हा माझा नियम.

बी-१०२ काका: किलोमीटरवरून काही ठरत नाही. सारखा ब्रेक मारत गर्दीत फिरणारी गाडी आणि मोकळ्या रस्त्यावरची गाडी, दोघींचं आयुष्य वेगळं.
डी-३०२, तुमचा नियम धोक्याचा आहे. तो कुईं आवाज येतो तो पॅडवरच्या छोट्या पत्र्याच्या पट्टीचा. मसाला, म्हणजे डिस्कवर घासून चाक थांबवणारा पॅडचा थर, झिजत आला की ती डिस्कला घासते. पण ती सगळ्या पॅडना नसते, असली तरी पुष्कळदा एकाच पॅडला असते. तो आवाज हुकला की पुढचा आवाज थेट खरखरीचा, म्हणजे मसाला संपून मागचा लोखंडी पत्रा डिस्क खातोय. मग डिस्क बदलावीच लागते.

ए-२०४: काका, मी दोन आठवड्यांपूर्वी चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं होतं. पॅड चांगला जाड दिसला. म्हणून तर शंका येतेय.

बी-१०२ काका: फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला दिसत नाही आणि बहुधा आधी तोच संपतो. कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा, ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या किंवा गंजल्या की त्यातला पिस्टन (ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या) आतल्या पॅडला दाबत राहतो, बाहेरचा नुसता सोबतीला.
त्यांना फोन करा आणि आकडे मागा. चारही पॅडचा मसाला किती मिमी, मागचा पत्रा सोडून. नवा साधारण १० ते १२ असतो, ३ च्या आसपास आला की बदलायचा. दोन्ही डिस्कची जाडी किती. आणि डिस्कवर ‘मिन’ (किमान जाडी) लिहून पुढे कोरलेला आकडा किती. गंज असेल तर पुसून वाचा म्हणावं.

डी-३०२: आकडे सांगणार नाहीत बघा.

(तासाभराने)

ए-२०४: सांगितले! उजवीकडे बाहेर ६, आत २. डावीकडे दोन्ही ५. डिस्क दोन्ही २१.३, कोरलेला आकडा २०. नवी २२ ची असते म्हणे.

बी-१०२ काका: म्हणजे पॅडबद्दल ते खरं बोलत होते. चारही बदला, एका बाजूचे कधीच नाही, गाडी ओढेल. आणि उजवीकडच्या पिना काढून साफ करून ग्रीस लावायला सांगा, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील.
डिस्कचं मात्र गणित करा. पहिल्या पॅडमध्ये ०.७ गेली. पुढच्या संचात तेवढीच गेली तरी २०.६ राहते. खोल चरे किंवा तडे नसतील तर राहू द्या. हीच डिस्क २०.३ असती तर मीही बदला म्हटलं असतं, कारण नवे पॅड अर्धे व्हायच्या आत ती मर्यादेखाली गेली असती. बदला म्हणणारा दरवेळी लुबाडतच असतो असं नाही.
एवढं विचारा की जाडी कुठे मोजली. काठाला न झिजलेला कंगोरा राहतो, जाडी मोजायचा व्हर्नियर त्यावर टेकला की आकडा फुगतो.

ए-२०४: मायक्रोमीटरने, आतल्या बाजूला. चरे बारीक आहेत, नख अडकत नाही म्हणाला.

सी-५०१: काका, आमच्या गाडीत वेगात ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली थरथरतं. डिस्क वाकडी झालीय का?

बी-१०२ काका: म्हणतात तसं, पण बहुधा ती वाकलेली नसते, एका फेरीत जाडी कमीजास्त झालेली असते. मिमीच्या शंभराव्या भागातला फरकही पायाला जाणवतो. पाच-सहा ठिकाणी मोजून घ्या. जोरात ब्रेक मारल्यावरच होत असेल तर ते एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याला हात लावू नका.

सी-१०१: गाडी धुतल्यावर डिस्क तांबूस होते ते?

बी-१०२ काका: वरवरचा गंज. दोन-चार ब्रेकमध्ये जातो.

ए-२०४: पॅड आणि पिनांचं काम सांगितलं, डिस्क नको म्हटलं. कुरकुर केली नाही. आता गाडी आणताना काही बघायचं?

बी-१०२ काका: जागेवरून हलवण्याआधी पॅडल पाच-सहा वेळा दाबा, घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिला ब्रेक पोकळ जाऊ शकतो. पहिले दोन-तीनशे किमी करकचून ब्रेक टाळा. आणि मधल्या काळात कोणी ब्रेक ऑइल वरून भरलं असेल तर ते आधीच सांगा, पिस्टन ढकलताना बाहेर सांडतं, रंग खातं.

बी-४०३: ऑइलचा काय संबंध? माझं खाली गेलं होतं, दिवा लागला म्हणून गेल्याच महिन्यात मीच भरलं.

बी-१०२ काका: पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरतं आणि डबीतली पातळी उतरते. नाहीतर कुठेतरी गळतंय. पहिलेच पॅड म्हणालात ना, ७० हजारांवर?

बी-४०३: 😶 उद्या चाकं काढतो.

बी-१०२ काका: उद्यापर्यंत गाडी बाहेर काढू नका.