मदत हवी आहे: भाच्यासाठी 'रय्यान' नाव ठेवावं का?

नमस्कार मंडळी, बहिणीला मुलगा झाला, अल्हम्दुलिल्लाह! रत्नागिरीत घरी सगळ्यांना 'रय्यान' हे नाव आवडलंय. अरबीत याचा अर्थ तहान पूर्ण भागलेला, पाण्याने तृप्त. सहीह बुखारी या पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातल्या हदीसनुसार (वचनानुसार) जन्नतच्या एका दरवाजाचं नाव रय्यान आहे आणि त्यातून फक्त रोजेदार आत जातील. तहान सोसलेल्यांसाठी हे नाव, हे मला फारच भावतं. भावजी कतारला असतात, तिथे तर अल-रय्यान नावाचं शहरच आहे. 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने तिथे झाले होते.

अडचण अशी की लोक याला 'रेहान' समजतात. ते वेगळं नाव, अर्थ सुगंधी वनस्पती. इंग्रजीत स्पेलिंग चुकलं तर आयरिश 'रायन' होतं, ते वेगळंच.

तुमच्या ओळखीत, शाळेत, मोहल्ल्यात रय्यान नावाची मुलं बरीच आहेत का? एकाच वर्गात तीन-चार नकोत. आणि जन्मदाखल्यावर मराठीत 'रय्यान' लिहावं की 'रयान'? पुढे पासपोर्ट, आधारला कुणाला त्रास झाला असेल तर जरूर सांगा. नाव नोंदवायला वर्षभर विनाशुल्क मुदत असते, पण अकीका (बाळाच्या जन्मानंतरचा कुर्बानीचा विधी, तेव्हा नावही ठेवतात) जवळ आलाय.