मदत हवी आहे: जिताडा मासा गरवायला रॉड कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी, रेवदंड्याच्या खाडीत गरवायला जातो, आतापर्यंत काकांचा जुना टेलिस्कोपिक रॉड वापरत होतो पण त्याच्या सांध्यात रेती आणि मीठ बसून तो आता धड उघडतही नाही आणि मिटतही नाही, म्हणून नवीन घ्यायचाय. बजेट साडेतीन-चार हजार, फक्त रॉडचं, रील (लाईन गुंडाळायची चरखी) ४००० साईजचं आहे आणि त्यावर ब्रेड लाईन (विणलेला दोरा).

मुख्य टार्गेट जिताडा, अधेमधे तांबोशी. जिवंत कोळंबी लावतो, बोय (छोटा मासा) मिळाली तर बोय, आणि कधीतरी २०-३० ग्रॅमचा लुअर (नकली आमिष) पण मारायचाय. उभा राहतो ते खडकावर, खाली सगळी कालवं, मासा लागला की सरळ दगडात घुसतो आणि लाईन कालवांवर घासली की संपलंच, त्यामुळे पहिल्या झटक्यात त्याला वर ओढेल असा दम रॉडमध्ये पाहिजे.

दुकानदार ७ फुटी मीडियम (मध्यम ताकदीचा) घ्या म्हणतो. मला वाटतं ८ किंवा ९ फुटी मीडियम हेवी बरा, लांब फेकता येतं आणि लाईन खडकापासून वर राहते. पण दिवसभर हातात धरून ९ फुटी जड होतो का? ग्राफाइटचा रॉड हलका असतो, माशाचा बारीक टोचा पण हाताला कळतो, पण खडकावर आपटला तर गेला, मग फायबरग्लासच घ्यावा का? टू पीसच (दोन तुकड्यांत सुटणारा) हवा, एसटीने जातो ओ.

कोणी खाडीत असा वापरत असेल तर मॉडेल सांगा, आणि खाऱ्या पाण्यात रॉडवरच्या लाईनच्या कड्या किती टिकल्या तेही. पुढच्या उधाणाआधी घ्यायचाय.