जेवताना नाकाला चिमटा लावून वजन उतरतं म्हणे, तुम्हाला पटतंय काय?

शहापूरची_अक्का
आमच्या घरच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरला. ज्या उंदरांची वासाची शक्ती काढून घेतली ते तूप-लोणी खाऊनसुद्धा जाड झाले नाहीत, म्हणून जेवताना नाकाला चिमटा लावा आणि महिन्यात फरक बघा. माझा भाचा कॉलेजला आहे, वजन 92, त्यानं खरंच दोरीवरचा कपड्याचा चिमटा काढून नाकाला लावून जेवायला सुरुवात केलीय आणि वहिनी म्हणत्यात करू दे की, काय बिघडतंय.

माझं मत आधीच सांगते, मला हे अजिबात पटलेलं नाही. कारण मी वास गेलेलं माणूस घरात बघितलंय. 2021 च्या मे महिन्यात सासूबाईंना कोरोना झाला, ताप चार दिवसांत गेला पण वास गेला तो गेलाच. वडगावचा बासमती चुलीवर चढला की सोप्यात बसून “भात झाला गं, उतरव” म्हणणारी बाई, ती ताटासमोर बसून विचारायची हा भात आहे काय भुसा. चार महिन्यांत 58 चं वजन 49 वर आलं. हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत मागं सरकायच्या, पडतील म्हणून त्यांना आतून दोरा गुंडाळून दिला. एकदा दूध करपून सगळं घर धुरानं भरलं आणि त्या गॅसपासून दोन हातांवर शेंगा सोलत बसलेल्या, पत्ताच नाही. वजन उतरलं की, पण त्याला कोण चांगलं म्हणेल?

खडेबाजारचा
अक्का तुमच्या सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, पण मी उलटं सांगतो. माझ्या दुकानाला लागूनच मिठाईचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला त्यांची भट्टी. रोज चारच्या सुमाराला कुंद्याची कढई चढते, दूध आटत आटत तांबूस व्हायला लागलं, साखर खमंग सुटली की तो वास थेट माझ्या गल्ल्यावर. दुपारी पोटभर जेवलेलो असतोय तरी तोंडाला पाणी सुटतं आणि पोरगा पाव किलो घेऊन येतो. असं करत करत 14 किलो वाढलो. मधे वर्षभर गोडाऊनचं काम माझ्याकडं आलं, तिथं पत्रे आणि पोती, दुसरं काही नाही, काही न करता 6 किलो उतरलो. मग मी वासाला दोष देऊ नको तर कुणाला देऊ? पोरगा चिमटा लावतोय तर लावू दे, उपाशी तर राहत नाही ना.

चिकोडीचा_मास्तर
हायस्कूलला विज्ञान शिकवतो म्हणून त्या उंदरांचं नीट सांगतो, मेसेजमध्ये अर्धंच आलंय. हा प्रयोग अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात झाला, 2017 मध्ये छापून आला. तिथं चिमटा बिमटा नव्हता, औषध देऊन नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशीच मारल्या होत्या, त्या परत उगवायला साधारण तीन आठवडे लागले. दोन्ही गटांना सारखंच चरबीचं खाणं दिलं. 25-30 ग्रॅमचे साधे उंदीर फुगून 60 पर्यंत गेले, वास गेलेले 33 च्या आसपास थांबले. आणि मुख्य गोष्ट ही की त्यांनी खाल्लं जवळपास तेवढंच, कमी नाही! शरीरानंच चरबी जास्त जाळायला सुरुवात केली. म्हणजे “वास नाही म्हणून खाणं कमी” हे त्या प्रयोगातनं निघतच नाही. उलट त्यांच्या रक्तात ताणाच्या वेळी सुटणारं हार्मोन नॉरअ‍ॅड्रेनलिन लै वाढलं होतं, माणसात ते तसं वाढलेलं राहिलं तर हृदयाला धोका, हे खुद्द त्या शास्त्रज्ञांनीच सांगितलं होतं.

शिवाय उंदराच्या नाकात वास पकडणारे रिसेप्टर हजाराच्या वर प्रकारचे, आपल्याकडं 400 च्या आसपास. उंदराचं जगणंच नाकावर चालतं, तेव्हा त्याचं जसंच्या तसं आपल्याला लावता येत नाही.

पण अक्का, वास आणि वजनाचा संबंधच नाही असं कुणी म्हणू नये. भूक लागली की पोटातनं घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानं नाक तीक्ष्ण होतं, पोट भरलं की इन्सुलिन आणि लेप्टिन ही हार्मोन ते बोथट करतात. उपाशी असताना शेजारच्या घरची फोडणी कळते आणि जेवल्यावर आपल्याच घरची कळत नाही ते त्यामुळं. आणि वजन लै वाढलेल्या बऱ्याच लोकांत वासाच्या चाचणीत मार्क कमी पडलेले आढळलेत, म्हणजे नाकाचा परिणाम वजनावर तसा वजनाचाही नाकावर.

निपाणीची_सून
मला दोघांचंही पटत नाही, कारण माझं तिसरंच झालं. माझाही वास कोरोनातच गेला आणि माझं वजन 7 किलो वाढलं. ताटातलं काहीच लागायचं नाही, जिभेला फक्त खारट, गोड, आंबट, तिखट एवढंच कळायचं, मग मी तेच ओढत गेले. चहात तीन चमचे साखर, आमटीत वरनं मीठ, लोणच्याचा खार भाकरीला फासून, आणि कुरकुरीत काहीतरी सतत, कारण निदान दाताखाली वाजतंय तरी. चिवडा, शेव, भडंग. जेवण झालं तरी जेवल्यासारखं वाटायचंच नाही म्हणून तासाभरात परत डबा उघडायचा. खडेबाजारवाले भाऊ, वास गेला की खाणं थांबतं असं नसतं, समाधान थांबतं. त्या पोराच्या आईला सांगा हे.

खानापूरचा_रानगडी
कशाला एवढं डोकं चालवूलालाय सगळे. आमच्याकडं पहिल्या पावसाचा मातीचा वास, काजूच्या बोंडांचा वास, गुऱ्हाळ लागलं की गुळाचा वास, सगळं भरपूर हाय आणि रानात राबणारा एक माणूस जाड दाखवा. बसून खाऊलालेत म्हणून वजन वाढूलालंय, नाकाचा काय दोष त्यात. पोराला चार दिवस आमच्याकडं पाठवा.

शहापूरची_अक्का
रानगडी भाऊ, राबलं की चरबी राहत नाही हे मान्य. पण आमच्या सासूबाई घरातच असायच्या, त्यांचं राबणं ना वाढलं ना घटलं, फक्त वास गेला आणि 9 किलो गेले. त्याचं काय?

निपाणीच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थांबलेच. एकाच दुखण्यानं तुमचं वाढलं आणि त्यांचं उतरलं. म्हाताऱ्या माणसांचं बऱ्याचदा उतरतं, भूकच मरते, त्यामुळं घरात कुणा वयस्कर माणसाचं वजन उगीच उतरत असेल तर नाकाकडंही बघा. आम्हाला एका दवाखान्यात “वयामुळं असतंय” म्हणून परत पाठवलं होतं, त्यात दोन महिने गेले.

खडेबाजारचा
बरं चिमटा नको, हे मास्तरांचं वाचून मान्य करतो. पण चारचा तो वास मला खायला लावतो यावर मी ठाम आहे.

चिकोडीचा_मास्तर
तुमचं खोटं नाही. फक्त एक बघा, त्या कढईसमोर दिवसभर उलथनं फिरवणारा कारागीर किती कुंदा खातो?

खडेबाजारचा
तो? तो चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. काडीसारखा आहे.

चिकोडीचा_मास्तर
वास येऊन जाऊन येतो तेव्हा ओढतो, सतत राहिला की नाक त्याला सरावतं. 2019 मध्ये अमेरिकेत असा अभ्यास छापून आलाय, खाण्याचा वास दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेतलेल्यांनी तसले पदार्थ उलट कमी घेतले. तुमच्यापर्यंत झुळूक येते, त्याच्याजवळ ढग असतो. चार वाजता लगेच पोराला पाठवू नका, थोडा वेळ थांबून बघा.

निपाणीची_सून
अक्का, सासूबाईंचा वास परत आला काय? माझा निम्माच आलाय.

शहापूरची_अक्का
आला, पण सरळ नाही आला. आधी उलटा आला, कांदा परतला की त्यांना कुजका वास यायचा, महिनाभर घरात कांद्याची फोडणी बंद होती. मग दुसऱ्या डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला, जर्मनीतल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये मांडलेला आहे म्हणे, गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, एकेक सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ हुंगायचं, निदान तीन महिने. चार बाटल्या देवघराच्या फळीवर ठेवल्या होत्या, पूजा झाली की हुंगायच्या. लवंग सगळ्यात आधी कळली. तुम्हीही करून बघा ताई, चिकाटीनं करावं लागतं आणि सगळ्यांचं पूर्ण येतंच असं नाही, पण करा.

आता त्यांचं वजन 55 आहे. काल भाचा घरी आला होता, त्याच्या खिशातला चिमटा त्यांनीच काढून घेतला आणि त्याला भाताच्या भगोण्यासमोर बसवून म्हणाल्या, झाकण काढते, आधी वास घे, मग सांग किती वाढू. त्यानं थोडाच घेतला, सावकाश खाल्ला. वजनाचं पुढं काय होतंय ते बघू, त्याला संध्याकाळी चालायला नेणार आहे मी. एका पाटलीचा दोरा सोडलाय, दुसरीचा अजून आहे.