चर्चा: सार्वजनिक इमारतीत उजेड आणि रंगामुळे माणसं खरंच भेटतात का?

कवडसा:
आमच्या वाचनालयात सूचनाफलकापाशी कुणी थांबतच नसे. छतभर सारखाच पांढरा उजेड. दारापासून जिन्यापर्यंत टेकावंसं वाटेल अशी एक जागा नाही. गेल्या वर्षी तिथे बाक टाकला, वर २७०० केल्विनचा पिवळसर दिवा खाली सोडला, मागची भिंत विटकरी रंगवली. आता रोज एक आजी आणि परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा तिथे मिळून शब्दकोडं सोडवतात. आधी साधी तोंडओळखही नव्हती. सगळीकडे सारखा उजेड पाडणं सोडा, एवढंच माझं म्हणणं आहे. माणूस आपसूक उजेडाकडे सरकतो.

वाटसरू:
श्रेय दिव्याला कशाला? बाक टाकलात म्हणून बसले. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने १९५२ साली पूर्ण केलेली ३३७ घरांची इमारत बघा. आतल्या बोळांना त्याने ‘रस्ते’ म्हटलं, दारं भडक रंगांची केली. पण बोळ मधोमध, दिवसाचा उजेड नाही. रमावंसं वाटतं ते गच्चीवर, कारण तिथे आकाश आहे, मुलांचा उथळ हौद आहे.

रंगाच्या जादूबद्दल तर बोलूच नका. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या नौदल तुरुंगात कोठडी गुलाबी रंगवली, कैदी शांत होतात म्हणून गाजावाजा झाला. पुढच्या काटेकोर चाचण्यांत तो परिणाम दिसला नाही.

पायरी:
दोघांनाही एक विचारते: ज्यांच्याशी बोलायचं त्यांचा चेहरा दिसतो का?

माझ्या बाबांना कमी ऐकू येतं. ते समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेतात. दिवा बरोबर डोक्यावर असला की कपाळ उजळतं, डोळे आणि ओठ सावलीत जातात. मग बाबा नुसतेच हसून मान हलवतात आणि लवकर उठतात. शिवाय साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. दोन उजळ कोपऱ्यांमध्ये अंधार ठेवलात तर मधली पायरी दिसणार नाही.

कवडसा:
पायरी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज मुद्दाम बाकावर बसून बघितलं. हातातलं कोडं लख्ख दिसतं, शेजारच्याचा चेहरा मात्र काळवंडलेला. दिवा भिंतीकडे वळवला, तर विटकरी रंग बराच उजेड गिळतो. समोरची भिंत फिकट करून तिच्यावरून उजेड परतवावा लागेल. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टीही मारून घेतो.

वाटसरू, बाकाचं म्हणाल, तर तसाच बाक जिन्याखाली पाच वर्षं आहे. त्यावर फक्त पिशव्या असतात.

वाटसरू:
जिन्याखाली कोण बसेल? जाता-येता कुणी दिसत नाही तिथे. तोच दिवा तिथे महिनाभर लावा. माणसं बसली तर मी माझं म्हणणं मागे घेईन.