परशुरामाला बाण नाही, टॉय ट्रेनला माणसं नाहीत: हे पार्क सुधारायचं कसं?

साखळीकर_बाब
नमस्कार मंडळी. पार्कचं नाव मुद्दाम घेत नाही, मालक माणूस तसा भला वाटला, उगाच कोणाच्या धंद्यावर धोंडा नको. समुद्रापासून बरंच आत आहे एवढंच सांगतो, ओळखणारे ओळखतीलच.

झालं असं की मे महिन्यात पुण्याची बहीण दोन पोरांना घेऊन आली, तीन दिवस बीच झाला, पोरं रापून काळी पडली आणि वाळूचा कंटाळा आला, मग म्हटलं चला तिथे जाऊ, "जुना गोवा गाव आणि राईड्स" असा बोर्ड रस्त्यावरून जाता येता कधीपासून बघतोय. गेटवर चिऱ्याची झकास कमान आणि वर फायबरचा परशुराम, धनुष्य ताणून उभा. पण बाणच नाही! म्हणजे कधीतरी मोडून पडला असणार. भाचा आठ वर्षांचा, त्याला मी गाडीत येताना बाण मारून समुद्र मागे हटवल्याची, बाणावलीची गोष्ट सांगितलेली. तो वर बघून म्हणतो, "मामा, बाण नाही तर मग गोवा झाला कसा?" आता काय सांगू.

आत गेलो तर सगळं असंच. सात राईड आहेत, तीन चालू. टॉय ट्रेन आहे पण बारा माणसं जमल्याशिवाय सोडत नाहीत, आम्ही पाच, बाकी पार्कात एक नवीन लग्न झालेलं जोडपं, त्यांना ट्रेनमध्ये इंटरेस्ट नाही. गावाचा भाग खरं म्हणजे छान केलाय, पोदेर म्हणजे पाववाला आहे सायकलवर, रेंदेर म्हणजे माडाची सूर काढणारा माडावर चढतोय, काजूची दारू गाळायची भाटी आहे, तुळशीवृंदावनवालं घर आहे. पण पोदेराचा पांटलो, म्हणजे पावाची टोपली, रिकामा, रेंदेराचा रंग उडून तो भुतासारखा पांढरा, आणि एकाही पुतळ्याशेजारी हा कोण, काय करतो याची पाटी नाही. बहिणीला सगळं मीच सांगत होतो, म्हणजे तिकीट काढून गाईडचं काम मीच केलं. तिकीट पण एंट्रीचं वेगळं, राईडचं वेगळं, प्रत्येक ठिकाणी पाकीट काढा.

तक्रार करायला काउंटरवर गेलो तर तिथल्या काकांनी शांतपणे एक रजिस्टर पुढे सरकवलं, म्हणाले सविस्तर लिहून आणा, शेठ वाचतात. त्यांनी असं म्हटल्यावर माझा राग गेला. म्हणून विचारतोय, कोणकोण गेलंय? नुसतं "बंडल आहे" नको, काय केलं तर परत जाल ते लिहा.

पात्रांव_मडगांव
गोव्यात येऊन थीम पार्क कित्याक रे? बीच फुकट आहे.

म्हापशेकरीण
पात्रांवबाब, तुम्ही लहान मूल घेऊन मे महिन्यात दुपारी बारा वाजता बीचवर जाऊन दाखवा मग बोलू. आणि जून ते सप्टेंबर लाल बावटे लागलेले असतात, जीवरक्षक पाण्यात पाय घालू देत नाहीत, तेव्हा पोरांना न्यायचं कुठे, मॉलमध्ये? आम्ही गोवेकरांनी पण कुठेतरी जायला नको का, सगळं काय टुरिस्टांसाठीच.

मी गेले होते मागच्या हिवाळ्यात. साखळीकरबाब, तुम्ही पुरुष माणसं बाण आणि पांटलो बघता, मी आधी बाथरूम बघते. दोन होते, एकाला कडी नाही. सासूबाईंना पायऱ्या चढवेनात, बसायला म्हणून सिमेंटचे बाक आहेत पण सगळे उन्हात! झाडं लावलीत ती शोभेची, खजुरासारखी दिसणारी, सावली शून्य. अहो एक साधा माटव घाला ना चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा मांडव, खर्च तो किती, आणि शोभेल पण गावात. आंबा फणस लावायला हवे होते पहिल्याच दिवशी, आजपर्यंत केवढे झाले असते.

खाण्याचं तर विचारूच नका, मॅगी आणि वेफर्स. "जुना गोवा गाव" आणि खायला मॅगी. उकड्या तांदळाची पेज, खतखतं, सोलकढी, संध्याकाळी पातळभाजी पाव, मिरची भजी, रोस आमलेट, एवढं जरी ठेवलं तरी मी नुसती खायला येईन. जवळच्या गावातल्या बायकांच्या सेल्फ हेल्प ग्रुपला द्या चालवायला.

नट_बोल्ट
मी गोव्याचाच, पण नऊ वर्षं मुंबईकडे एका मोठ्या पार्कात राईड ऑपरेटर आणि मग मेंटेनन्सला होतो, आता घरी परत आलोय, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

सातातल्या तीन राईड चालू म्हणजे चार बिघडल्या असं नसतं. बऱ्याच वेळा माणूसच नसतो. एका ऑपरेटरकडे तीन राईड देतात, तो इकडे उभा असला की तिकडे "मेंटेनन्स" चा बोर्ड लटकवतात. बारा माणसांची अट पण त्यामुळेच असणार, डिझेल वाचवायला नाही, माणूस वाचवायला. याला उपाय साधा आहे, टाईमटेबल लावा. ट्रेन दर अर्ध्या तासाने सुटणार म्हणजे सुटणार, दोन माणसं असली तरी. अकरा ते बारा ह्या दोन राईड, बारा ते एक त्या दोन. लोक वाट बघायला तयार असतात हो, कधी ते मात्र सांगायला पाहिजे.

दुसरं म्हणजे आपली हवा. समुद्र लांब असला तरी चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने दमट, साधे नटबोल्ट दोन वर्षांत गंजून धरतात. आम्ही रोज सकाळी गेट उघडायच्या आधी प्रत्येक राईड बघायचो, लॉक, बेअरिंग, वेल्डिंगचे जोड, मग रिकामी फेरी मारायची, मग लॉगबुकात सही, सही नाही तर राईड नाही. साखळीकर, पुढच्या वेळी गेलात तर ऑपरेटरला सहज विचारा, आजची सही कुठे आहे. दाखवली तर बिनधास्त बसा. नाही दाखवली तर पोरांना बसवू नका, मग तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

आणि नवीन मोठी राईड आणा असं कृपा करून लिहू नका. लोक लगेच खोपोलीच्या इमॅजिकाशी तुलना करतात, ते २०१३ ला सुरू झालं ते केवढ्या भांडवलावर आणि मुंबई पुणे दोन्हीकडची गर्दी धरून. कोचीचं वंडरला २००० साली वीगालँड म्हणून सुरू झालं, तेव्हापासून एका जागेवर टिच्चून वाढवत नेलंय त्यांनी. आपल्याकडे गोव्याची वस्तीच केवढी. टॅक्स पण आहे, २०१७ ला अशा पार्कांना २८ टक्के जीएसटी लावलेला, म्हणजे कॅसिनोच्या रांगेत बसवलेलं घसरगुंडीला! २०१८ च्या जानेवारीत १८ वर आणला. छोट्या पार्काने आहे त्या सात धड चालवाव्यात, बस.

वास्को_का_छोकरा
सगळे अंकल लोक दिसतायत इथे 😀 पेज आणि खतखतं खायला कोण जातं पार्कात. आम्हाला राईड पाहिजेत, फास्टवाल्या. पुतळे बघून झाले शाळेत असताना. झिपलाईन टाका डोंगर आहे ना मागे, आणि वायफाय.

बाई_तिसरीच्या
छोकऱ्या, शाळेत असताना बघितले म्हणतोस ना, तेच सांगायला आले. मी प्राथमिक शाळेत शिकवते, दरवर्षी सहल कुठे न्यायची हा प्रश्न. मिरामारचं सायन्स सेंटर होतं, बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय होतं, नंतर तेच तेच. हे पार्क खरं तर शाळांनी भरून जायला हवं, पण एकदा नेलं आणि चाळीस मुलं अर्ध्या तासात सगळं "बघून" बाहेर, कारण थांबायला काही कारणच नाही. रेंदेरापुढे मुलं उभी राहिली चार सेकंद, मोजले मी.

लोटलीचं बिग फूट बघितलंय का कोणी नीट? तिथे एका मोठ्या दगडावर पायाचा ठसा आहे, एवढंच. पण त्यामागे महादरची गोष्ट आहे, सगळं दानधर्मात देऊन टाकलेला श्रीमंत माणूस, देवाकडे मागितलं काय तर प्रार्थनेला जागा, आणि मग तापलेल्या दगडावर एका पायावर उभा राहिला. गोष्ट ऐकली की मुलं त्या ठशात स्वतःचा पाय मापून बघायला धावतात. आणि तिथेच जांभ्या दगडात आडवी कोरलेली संत मीराबाई आहे, १४ मीटर लांब, १९९४ मध्ये ३० दिवसांत कोरली म्हणतात. राईड एकही नाही, तरी मुलं तासभर गुंततात. कोल्हापूरजवळ कणेरी मठात बारा बलुतेदार उभे केलेत, सिमेंटचेच पुतळे, पण नांगराला जू कसं लावलंय, मोटेचा दोर कुठून जातो ते सगळं बरोब्बर, माझ्या सासऱ्यांनी तिथे एक तास चुका शोधल्या आणि सापडल्या नाहीत. बाणावलीच्या गोवा चित्र मध्ये तर जुनी अवजारंच मांडलीत, खरी वापरलेली.

इथे उलट. काजूच्या भाटीजवळ कोळंबी आहे (मासळी नव्हे, तुडवायची जागा), तिच्यात बोंडू म्हणजे काजूची फळं तुडवायची, नीरो म्हणजे गोड रस निघतो, तो गाळला की पहिल्या धारेची दारू म्हणजे हुर्राक, परत गाळली की फेणी. यातलं एक अक्षर तिथे लिहिलेलं नाही. आपल्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमानाची गोष्ट आहे (शाळेच्या सहलीत कितपत सांगायची ते जाऊ द्या). मार्च ते मे बोंडू असतात, मुलांना कोळंबीत उतरू द्या, पाय चिकट होऊ द्या, नीरो प्यायला द्या. भट्टी पेटवायची नसेल तर नका पेटवू, परवान्याची भानगड नको.

माशेलचो_मूर्तिकार
बाय, अगदी मनातलं बोललात. मी शिगम्याचे, म्हणजे आपल्या होळीच्या दिवसांतल्या सणाचे, चित्ररथ करतो, म्हणजे धंदा नव्हे, आमचं मंडळ आहे, दिवसा नोकरी आणि रात्री वेल्डिंग.

एक गोष्ट कोणाच्या डोक्यात कशी येत नाही मला कळत नाही. दरवर्षी शिगम्याला गावागावातून केवढे हलते चित्ररथ निघतात. दहा तोंडांचा रावण मान फिरवतो, गरुड पंख हलवतो, कालिया डोहातून वर येतो. आत काय असतं सांगू? गाडीच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, जुनी बेअरिंग, आणि कधीकधी घामाने भिजलेली चार पोरं दोऱ्या ओढत. महिनाभर मेहनत, चार शहरांत मिरवणूक, बक्षीस मिळो न मिळो, आणि मग सगळं शेडमध्ये कुजतं किंवा भंगारात. नरकासुराच्या पुतळ्याचं तर विचारूच नका, दिवाळीच्या पहाटे जाळायचाच असतो.

त्या पार्काने दरवर्षी दोन तीन चित्ररथ विकत घेऊन आत उभे केले तर? भाड्याने घ्या हवं तर. दर वर्षी नवीन येणार, म्हणजे लोकांना परत यायला कारण, मुंबईहून फायबरचे डायनासोर आणायची गरज नाही. बिघडलं तर दुरुस्त करणारा पोरगा दहा किलोमीटरवर राहतो, पार्ट म्हापशाच्या भंगारवाल्याकडे. आणि छोकऱ्या, तू ये आमच्या शेडवर, त्या गरुडाच्या आत बसून पंख ओढ दहा मिनिटं, झिपलाईन विसरशील.

दुसरं, पावसात ते बंद ठेवतात असं ऐकलं. कमाल आहे! गोव्याचा माणूस खेळतो कधी तर पावसात. आमच्या माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला, देवकीकृष्णाच्या देवळासमोर म्हातारे कोतारे चिखलात लोळतात. २४ जूनला ख्रिस्ती लोकांचा सांजावचा सण, विहिरीत उड्या. साळावली धरण भरून वाहायला लागलं की नुसतं पाणी बघायला किती गाड्या जातात. राईड बंद ठेवा, नट_बोल्ट सांगतील तसं, विजेचा प्रश्न असतो पावसात. पण चिखलाचं एक शेत करा की, रोपं लावू द्या पोरांना, वर पत्र्याची शेड आणि गरम भजी. पैसा लागतो कुठे त्याला.

नट_बोल्ट
मूर्तिकार, आयडिया एक नंबर. फक्त चित्ररथ उभा केला तर त्याच्याभोवती कठडा पाहिजे, चेन उघडी नको, लहान मुलांची बोटं जातात. मिरवणुकीत लोक लांब असतात, इथे हात लावणार. आणि मोटर सतत नाही चालवायची, बटण द्या, दाबलं की एक मिनिट हलेल. पोरांना बटण फार आवडतं.

म्हापशेकरीण
चिखलाचं शेत करा पण आधी आंघोळीच्या जागा करा. आणि कडी.

साखळीकर_बाब
वाचतोय सगळं, थँक्यू. बायकोने बसून चार पानं उतरवून घेतली. एक भांडण मात्र आमच्या घरीच झालं, मी म्हणतो एकच तिकीट ठेवा सगळ्याचं मिळून, ती म्हणते मग सासूबाईंसारख्या न बसणाऱ्यांनी राईडचे पैसे का द्यायचे. तिचं पटलं मला. वयस्करांना फक्त गाव बघायचं कमी तिकीट, आणि बाकीच्यांना हातात पट्टा, दिवसभर किती पण बसा, असं लिहितोय.

काल त्या काकांना फोन केला की रविवारी रजिस्टर भरायला येतो. ते म्हणाले या, आणि बाणाचं मात्र लगेच करतो, सुताराला सांगितलंय. मी सहज विचारलं कधी मोडला होता. म्हणाले मोडला नाही हो, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बसवायचा राहिला तो राहिलाच, स्टोअरमध्ये आहे.

मूर्तिकारबाब, रविवारी मोकळे आहात का? शिडी तुमच्याकडे असेल म्हणून विचारतो.